हँडब्रेक

बाबांची मॉरिस एकोणीस वर्षं
लोकर कातरायच्या शेडमध्ये उभी होती,
त्रेइंता इ त्रेसच्या अलीकडे. म्हणजे तेहतीस;
गावाचं नावच आकडा आहे.
टपावर कोंबड्यांनी काय काय केलं ते सांगत नाही.
स्टेअरिंगवर ओर्नेरो पक्ष्यानं
मातीचं घर बांधलं होतं, भट्टीसारखं गोल,
आणि तेही सोडून गेला होता.

ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढली
तेव्हा पुढची चाकं फिरली, कुरकुरत का होईना.
मागची नाहीच.
शेणामातीत दोन सरळ चर पडले,
पेरणीला काढावेत तसे.

ओलेगारिओ बेंतांकुर म्हणाला, थांबव.
बसडेपोतून निवृत्त होऊन त्याला बारा वर्षं झाली,
गुडघे गेले, हात अजून डेपोतच आहेत.
पालथा पडून त्यानं ड्रमला बोटाची टिचकी मारली,
कलिंगड पारखतात तशी.
विचारलं, हँडब्रेक कुणी ओढला होता, निबिया?
मी म्हणाले, काय माहीत.

मग डिझेल आणि गिअरचं तेल,
दुधाच्या मिठाईच्या रिकाम्या डब्यात अर्धं अर्धं,
आणि कोंबडीचं पीस. ब्रशपेक्षा पीस बरं,
फटीत जातं.
ड्रमच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून
अ‍ॅडजस्टर मागे घ्यायचा. तो येईना.
दोन स्क्रूंनी आमचा एक अख्खा दिवस खाल्ला.
हातोडा कडेवर नाही, तो ओरडायचा,
कड बिडाची आहे,
बीड वाकत नाही, सरळ तडकतं.
गोलाकार मार. हलके. पुन्हा.
फुंकू नकोस ती धूळ, ओलं फडकं घे.

तिसऱ्या दिवशी माते पीत तो गप्प बसला.
मला वाटलं, आता काहीतरी शहाणपणाचं बोलेल,
गंजाबद्दल, माणसांबद्दल.
म्हणाला, चाळीस पेसोंचं डिझेल मातीत गेलं.

संध्याकाळी पुलरचे तीन पाय ड्रमला अडकवले,
मधला बोल्ट आवळला, मी लटकले पान्याला,
तोही लटकला.
उद्या, म्हणाला. ताण तसाच राहू दे.
सायकलवर बसून गेला.

मी झोपले नाही.

शेडची जमीन ओढ्याकडे उतरती आहे.
बाबा ब्रेकवर कधी गाडी ठेवत नसत.
दमट हवा, पोरी, शू चिकटतात,
चाकाला दगड लाव.
शंभरदा सांगितलेलं.
त्या रात्री मेलोच्या इस्पितळातून
मी एकटी परत आले होते,
शेजारच्या सीटवर त्यांचे बूट,
त्यांत कोंबलेले मोजे.
अंधारात दगड कोण शोधणार?
दोन्ही हातांनी लिव्हर ओढला,
दात मोजता येतील इतका सावकाश,
मग मोजता येणार नाहीत इतका.

पहाटे तीनला शेडमध्ये ठण्ण झालं.
कुत्रा भुंकला. तारेपलीकडच्या मेंढ्या उठल्या.
कंदील घेऊन गेले तर
ड्रम बोटभर बाहेर आला होता,
कुणी हात लावला नसताना.
ओढला तसा मांडीवर आला, जड, थंड.
आत स्प्रिंग तुटलेली, सिलिंडरमध्ये तेलाचा मुरंबा,
आणि शू नागडे:
अस्तर त्यांना सोडून ड्रमलाच चिकटून राहिलेलं.
म्हणजे सुटलं ते असं सुटलं.

सकाळी त्याला सांगितलं, मीच ओढला होता.
ओलेगारिओ टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला,
तुझ्याशिवाय कोण ओढणार होतं?
आता दुसरं चाक. पण जॅक लावायच्या आधी
पुढच्या चाकांना दगड लाव,
इतके दिवस ही मागचीच धरून होती.

मी दगड शोधायला बाहेर निघाले
आणि उंबऱ्याशीच अडखळले.
बाबांचेच ते दोन, एका बाजूनं चपटे.
चार दिवस आम्ही त्यांनी
दार उघडं ठेवत होतो.